कारण: बाहेरून कळ दाबली

उदगीरच्या मठगल्लीत पाण्याच्या पेटीनं सव्वीस नंबर पुकारला आणि लिंबाजी मास्तरांनी घागर तोटीखाली धरली. ते उजाडायच्या आधीपासून रांगेत होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना इतक्या मोठ्या आवाजात कुणी पुढे बोलावलं नव्हतं. धार सुरू झाली, घागरीच्या बुडाशी तो ओळखीचा आवाज घुमला आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधानाची पहिली

*कथा पुन्हा सुरू होत आहे. कारण उपलब्ध नाही.*

उदगीरच्या मठगल्लीत पाण्याच्या पेटीनं एक नंबर पुकारला आणि लिंबाजी मास्तरांच्या घागरीत पडणारी धार बंद झाली.

"एक? कामून एक?" मास्तर पेटीवर ओरडले. "सव्वीस चालू हाय ना!"

"एक नंबर माझा," असं म्हणत समोरच्या घरातून शांतम्मा दोन घागरी घेऊन उतरल्या.

"शांतम्मा, तुमचं पाणी सकाळीच झालं की."

"झालं की. मी कुठं न्हाई म्हणून राहिले? आता पेटी परत बोलावून राहिली, तर न्हाई जाणं बरं दिसतंय का?"

रांगेत सत्तावीस नंबरवर असलेल्या नागुबाई भाजीवाल्या म्हणाल्या, "पेटी तुमच्या पोरानं बनविली, मग ती तुम्हालाच बोलावणार. मला थोडीच बोलावणार हाय!"

इथं भांडणाला सुरुवात झाली. ते भांडण चालू आहे तोवर पेटीबद्दल सांगून घेतो, कारण कथा पुन्हा केव्हा बंद पडेल याचा भरवसा नाही.

पेटी बनवली होती शांतम्मांच्या मुलानं, वीरभद्रनं. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला होता, आणि गावी येऊन काय केलं हे दाखवायला त्याच्याकडे या पेटीखेरीज काही नव्हतं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि उदगीरला टँकरनं. टँकर आला की गल्लीत नळीसाठी जी मारामारी व्हायची, तिच्यावर हा उपाय होता. टँकरनं मागच्या काळ्या टाकीत पाणी ओतून जायचं, लोकांनी सकाळी नंबरांचे बिल्ले घ्यायचे, पेटीनं एकेक नंबर पुकारायचा, दोन घागरी भरून द्यायच्या आणि तोटी बंद करायची. पुकारायचा आवाज नगरसेवक मलप्पांचा होता. वीरभद्रला एखाद्या बाईचा गोड आवाज हवा होता. पण मलप्पा म्हणाले, "पेटी माझ्या वॉर्डात बसणार, तर बोलणार बी मीच." आणि त्यांनी घसा खाकरून एकपासून शंभरपर्यंत आकडे सभेत बोलल्यासारखे बोलून दिले.

पेटी उत्तम चालत होती. फक्त मधेच केव्हातरी तिचा जीव जायचा, लगेच परत यायचा, आणि परत आल्यावर ती एकपासून मोजायला लागायची.

भांडण ऐकून खरे मलप्पा आले.

"वीरभद्र, हे काय चाललंय? गुरुवारी समिती येणार हाय."

समिती दुष्काळाची पाहणी करायला येणार होती. पण उदगीरचा जिल्हा होणार ही बोलणी इतकी वर्षं चालू होती, की गावाच्या मते कुठलीही समिती जिल्हा द्यायलाच यायची.

"गुरुवारच्या आत पेटी कोण बंद पाडून राहिलंय त्याचा छडा लाव," मलप्पा म्हणाले. "न्हाईतर पेटी उचलून भंगारात, आणि परत पहिल्यासारखी नळी. समितीसमोर मला गोंधळ न्हाई पाहिजे. मारामारी चालंल, ती सगळीकडंच हाय."

"अण्णा, बंद का पडते ते पेटीला कळतं," वीरभद्र म्हणाला. "आत तशी सोय असते. मी फक्त तिला ते बोलायला लावलं नाही."

"मग लाव ना बाबा! कारण सांगितल्याबिगर आपल्या गावात कुणी उसनी वाटी बी देत न्हाई."

सोय खरोखरच होती. पेटीच्या आतली चिप जागी झाली की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याला बूटलोडर म्हणतात. झोपेतून उठवून, तोंड धुवायला लावून यंत्राला कामावर पाठवणं एवढंच त्याचं काम. आपण बंद का पडलो याची खूण चिप स्वतःच करून ठेवते. वीज नव्यानं आली, विजेचा दाब घसरला, प्रोग्राम अडकून बसला, किंवा रोज सकाळी मोजणी नव्यानं सुरू करायची बाजूची कळ कुणी दाबली. बूटलोडरनं ती खूण वाचायची आणि सांगायची. कळ दाबली असेल तर सकाळ झाली असं समजून एकपासून मोजायचं; बाकी काही झालं असेल तर होतं तिथून पुढं, हे वीरभद्रनं आधीच ठरवून ठेवलं होतं. आता त्यानं फक्त कारण बोलून दाखवायचं काम बूटलोडरवर टाकलं, आणि मलप्पांकडून चार वाक्यं म्हणवून घेतली.

*कथा पुन्हा सुरू होत आहे. कारण: बाहेरून कळ दाबली.*

उदगीरच्या मठगल्लीत पाण्याच्या पेटीनं सव्वीस नंबर पुकारला आणि लिंबाजी मास्तरांनी घागर तोटीखाली धरली. धार सुरू झाली. धार बंद झाली.

"यंत्र पुन्हा सुरू झाले आहे," पेटीतले मलप्पा गरजले. "कारण, बाहेरून कळ दाबली. क्रमांक एक, पुढे या."

सगळ्या रांगेनं एकदम माना वळवल्या. कळ पेटीच्या उजव्या बाजूला होती. त्या बाजूला सावली पडायची, आणि सावलीत, पेटीला पाठ टेकवून नागुबाई उभ्या होत्या.

"मी न्हाई!" नागुबाई म्हणाल्या.

"पेटी खोटं बोलून राहिली का मग?" मास्तरांनी विचारलं.

"मी पाठ टेकविली, बोट न्हाई लावलं. आणि मला काय फायदा? एक नंबर शांतम्माचा हाय, माझा सत्तावीस!"

"खुन्नस," मागून कुणीतरी म्हणालं. "मास्तरचं सव्विसावर अडावं म्हणून."

"माझ्यावर नाहक इल्जाम टाकू नका! मास्तर अडला तर मी बी अडले की!"

हा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नागुबाईंना सावलीतून काढून डाव्या बाजूला, उन्हात उभं करण्यात आलं. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. शांतम्मांनी तिसऱ्यांदा पाणी नेलं आणि घरी भांडी संपली म्हणून चौथ्या वेळेसाठी मुरमुऱ्याचा डबा रिकामा करून ठेवला.

बाराव्या नंबरावर पेटी पुन्हा दचकली.

"कारण, बाहेरून कळ दाबली."

"बगा!" नागुबाई उन्हातून ओरडल्या. "आता मी हिकडं हाय!"

"मग तुझा हात लांब हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं.

वीरभद्रला हे सहन होईना. नागुबाई त्याला लहानपणापासून कोथिंबीर फुकट देत आल्या होत्या. तो स्वतः उजव्या बाजूला गेला, कळीवर तळहाताची ढाल धरून उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "आता बघा. मी कुणाचंही बोट लागू देत नाही. आता तरी पेटी काय..."

"कारण," पेटी म्हणाली, "बाहेरून कळ दाबली. क्रमांक एक, पुढे या."

गल्लीनं आधी कळीवरचा वीरभद्रचा हात पाहिला, मग मुरमुऱ्याचा डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या त्याच्या आईकडे पाहिलं. मग नागुबाईच म्हणाल्या, "पोरा, तू कोथिंबीर नेत जाऊ नको आता."

*कथा पुन्हा सुरू होत आहे. कारण: लेखक वैतागला आहे.*

वीरभद्र त्या दुपारी दार लावून बसला. शांतम्मा जेवायला हाका मारत होत्या, तो येत नव्हता. शेवटी त्याला आपली चूक सापडली, आणि ती इतकी साधी होती की त्यानं कपाळ टेबलावर टेकवलं.

चिप कुठल्याही कारणानं बंद पडली, तरी आतून तीच तार ओढली जाते जिला बाहेरची कळ जोडलेली असते. म्हणजे वीज घसरली की दोन खुणा व्हायच्या, विजेची आणि कळीची. घरातल्या माणसानं आतून दार उघडलं तरी बाहेरची कडी वाजतेच. आणि वीरभद्रच्या बूटलोडरला आधी कडी तपासायची सवय होती. कडी वाजली ना, मग बाहेरचाच कुणीतरी. पुढं बघायचं कारणच नाही.

त्यानं क्रम उलटा केला. आधी बाकीची कारणं तपासायची, त्यातलं एकही नसेल तरच कळीवर आळ घ्यायचा. मग तो जेवला.

"सापडलं का रं?" शांतम्मांनी विचारलं.

"सापडलं. नागुबाईंचा दोष नव्हता."

"मग कुणाचा?"

"ते उद्या पेटीच सांगेल."

*कथा पुन्हा सुरू होत आहे. कारण: विजेचा दाब कमी झाला. होती तिथून पुढे.*

धार बंद झाली, आणि लगेच सुरू झाली.

"यंत्र पुन्हा सुरू झाले आहे. कारण, विजेचा दाब कमी झाला. क्रमांक सव्वीस, पुढे चालू."

लिंबाजी मास्तरांची घागर भरली. दुसरीही भरली. मास्तरांनी डोळे मिटून दोन्ही घागरींवर हात ठेवला. वीरभद्रनं नागुबाईंना हाताला धरून सावलीत आणलं आणि रांगेला म्हणाला, "ऐकलं ना सगळ्यांनी? कळ नाही. बोट नाही. वीज! माफी मागा त्यांची."

रांग माफी मागणार, एवढ्यात मास्तरांनी डोळे उघडले.

"विजेचा दाब कमी कामून झाला?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी मोटार लावली असेल. मोटार सुरू होताना वीज एकदम ओढते."

"मोटार," मास्तर सावकाश म्हणाले. "नळाची मोटार?"

इथं उदगीरबाहेरच्या वाचकांसाठी थांबावं लागतं. त्या उन्हाळ्यात नगरपालिकेच्या नळाला पाणी केव्हा सुटेल हे कुणालाच माहीत नसायचं. सुटलं तर ते आपसूक वर चढायचं नाही, मोटार लावून ओढावं लागायचं. तसं ओढायला बंदी होती, म्हणून मठगल्लीत एक घर सोडून प्रत्येक घरी मोटार होती आणि ती बाजरीच्या पोत्याखाली झाकलेली होती. पाणी आलं का हे बघायचा मार्ग एकच, मोटार लावून बघणं. आणि शेजाऱ्याची मोटार वाजली, तर त्याच्याकडं पाणी आलं असं समजून आपली लावणं. शेजारी तेव्हा हवाच ओढत असायचा, कारण त्यानंही त्याच्या शेजाऱ्याची ऐकलेली असायची.

"नळाला पाणी सुटलं!" मास्तर ओरडले आणि भरलेल्या दोन घागरी तिथंच सोडून घराकडे पळाले.

पाठोपाठ सगळी रांग पळाली.

*कारण: विजेचा दाब कमी झाला. पुढे चालू.*

गल्लीत ओळीनं मोटारी सुरू झाल्या.

*कारण: विजेचा दाब कमी झाला. पुढे*

"पेटी परत म्हणून राहिली! अजून कुणाकडं तरी आलं!"

*कारण: विजेचा दाब*

"आपल्याकडं हवाच हाय, बाई. बंद करून परत लाव!"

*कारण:*

*कारण:*

वीरभद्र एकटा पेटीसमोर उभा होता. पेटी एका वाक्यात तीनदा मरत होती, आणि दर वेळी प्रामाणिकपणे कारण सांगत होती. जितक्या वेळा ती सांगे, तितक्या मोटारी नव्यानं लागत. त्याच्या मागं फक्त नागुबाई होत्या. त्या सावलीत निवांत उभ्या होत्या.

"तुम्ही नाही गेलात मोटार लावायला?"

"मला कुठली मोटार, पोरा. अख्ख्या गल्लीत माझ्याच घरी न्हाई."

वीरभद्र घराकडे धावला. मागच्या अंगणात शांतम्मा पदर खोचून उभ्या होत्या आणि पोत्याखालून दीड हॉर्सपॉवरचा आवाज येत होता.

"अम्मा! बंद कर ती!"

"कामून? पेटी म्हणून राहिली ना पाणी आलं!"

"पेटी असं म्हणत नाही! पेटी म्हणते दाब कमी झाला!"

"दाब कमी कशानं? मोटारीनं. मोटार कामून लावत्यात? पाणी आलं म्हणून. तूच तर शिकविलास पेटीला," शांतम्मा म्हणाल्या आणि हवा ओढणाऱ्या मोटारीवर प्रेमानं पाण्याचा हबका मारला. पाणी पेटीचं होतं.

"मग बॅटरी लाव की तुझ्या पेटीला," त्या पुढं म्हणाल्या. "एवढं शिकलास."

"होती बॅटरी! ती मलप्पाअण्णांनी जिल्ह्याच्या मोर्चात भोंग्याला नेली. आणून देतो म्हणाले."

"मग जिल्हा झाल्यावर देतील," शांतम्मांनी समजूत घातली.

संध्याकाळी पेटीशेजारच्या मलप्पांच्या ओट्यावर बैठक बसली. दिवसभरात एकाही घरी नळाला थेंब आला नव्हता, दोन मोटारी जळल्या होत्या आणि पेटीतून दुपारनंतर कुणालाच पाणी मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

"उपाय साधा आहे," वीरभद्र म्हणाला. "पेटी काहीच बोलणार नाही. गुपचूप पुढचा नंबर घेईल."

तसं करून लगेच बघण्यात आलं. पेटी बंद पडली, सुरू झाली आणि गप्प राहिली.

"काही बोलली न्हाई," मास्तर म्हणाले. "लपवून राहिली." आणि ते घराकडे पळाले.

"मग 'कारण माहीत नाही' असं म्हणू दे," वीरभद्र म्हणाला.

"माझ्या आवाजात?" मलप्पा उसळले. "निवडणूक तोंडावर आली आणि मी चौकात दिवसभर 'मला माहीत नाही' म्हणत बसू? 'माहिती घेऊन सांगण्यात येईल' असं म्हणतो."

तेही बघण्यात आलं. "माहिती घेऊन सांगण्यात येईल," पेटी म्हणाली, आणि माहिती आधी आपल्यालाच मिळावी म्हणून अर्धी बैठक मोटारी लावायला गेली.

उरलेल्या बैठकीत मलप्पा मिशी ओढत म्हणाले, "वीरभद्र, ते पहिलं कारणच बरं होतं."

"कुठलं?"

"कळीचं. तेव्हा पळालं का कुणी घरी? भांडले, पण जागेवर उभं राहून भांडले."

"अण्णा, ते खोटं होतं!"

"मोजणी खरी ठेव. पुढं चालू ते पुढंच चालू दे. फक्त तोंडानं म्हणायचं, कळ दाबली."

"आणि दाबली कुणी, असं विचारलं तर?"

बैठकीनं एकेक करून मान वळवली. ओट्याच्या खाली, पायरीवर, उरलेली मेथी निवडत नागुबाई बसल्या होत्या.

"मी?" नागुबाई म्हणाल्या. "काल हाकलून उन्हात उभं केलं, ती मी? जिच्या एकटीच्या घरी मोटार न्हाई, ती मी?"

"तुमच्याशिवाय लोकांना पटायचं न्हाई, नागुबाई," मोटार लावून परत आलेले मास्तर हळूच म्हणाले. "सवय झाली हाय."

वीरभद्र उठला. "मी हे करणार नाही. माझा बूटलोडर चोख काम करतो. तो खरं कारण सांगतो, आणि त्याला मी खोटं बोलायला लावू? नागुबाई, तुम्ही ह्यांचं ऐकू नका."

नागुबाईंनी मेथीची काडी मोडली. "खुर्ची पाहिजे," त्या म्हणाल्या. "सावलीत. आणि पहिला बिल्ला माझा. शिव्या फक्त सकाळी खाईन, बाजारच्या वेळंला न्हाई."

"मंजूर," मलप्पा म्हणाले.

"एक नंबर माझा हाय!" शांतम्मा बैठकीतून ओरडल्या.

"तुमच्या घरी भरायला भांडंच कुठं उरलंय?" मलप्पांनी विचारलं, आणि तो विषय तिथं संपला.

*कथा सुरू आहे. कारण विचारू नये.*

गुरुवारी समिती आली. समितीत एक साहेब होते, बाकीचे त्यांच्या मागं चालणारे होते. रांग सरळ उभी होती. पोत्याखालच्या मोटारींवर आणखी एकेक पोतं पडलं होतं. उजव्या बाजूला सावलीत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नागुबाई बसल्या होत्या, नव्या लुगड्यात.

अकरावा नंबर पाणी घेत असताना गल्लीच्या टोकाला, जिथं मोटार बंद ठेवायचा निरोप अजून पोचला नव्हता, कुणाचीतरी मोटार घुरघुरली. पेटी मरून जिवंत झाली.

"यंत्र पुन्हा सुरू झाले आहे. कारण, बाहेरून कळ दाबली. क्रमांक अकरा, पुढे चालू."

"अगं ए नागुबाई! मेली का बोटं तुझी!" रांग एका आवाजात ओरडली.

"हाव, मीच!" नागुबाईंनी हात वर केला. "काय करता?"

कुणीही काही केलं नाही. रांग जागेवर राहिली, अकराव्याची घागर भरली.

साहेब थबकले. ते पेटीजवळ आले, मग खुर्चीजवळ आले.

"मी इतक्या गावांत बंद पडलेली यंत्रं पाहिली," ते मागच्यांना म्हणाले. "पंप, वजनकाटे, दवाखान्यातले फ्रीज. कुठंही जबाबदारी निश्चित झालेली नव्हती. इथं यंत्र स्वतः कारण सांगतं, आणि संबंधित व्यक्ती जागेवर हजर आहे. कबूलही करते. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," मलप्पा म्हणाले.

"साहेब," वीरभद्र पुढं झाला. "खरं कारण वेगळं आहे. चिप बंद पडते ती..."

"वीरू!" शांतम्मा म्हणाल्या. त्यांच्यासोबत अख्खी रांग म्हणाली, आणि त्यात पेटीएवढाच मोठा मलप्पांचा आवाज होता.

साहेबांनी वीरभद्रकडे सहानुभूतीनं पाहिलं. "यंत्राच्या माणसाला असं वाटतंच. पण शेवटी लोकांना माणूस लागतो." मग ते मलप्पांकडे वळले. "उद्या तुमचा जिल्हा झाला, तर अशी व्यवस्था प्रत्येक वॉर्डात हवी. एक पेटी, आणि पेटीमागं एक बाई. मी तशी शिफारस करतो."

"जिल्हा होणार!" मास्तर ओरडले आणि रांगेत टाळ्या पडल्या.

नागुबाई मात्र खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"साहेब, एवढ्या सगळ्या वॉर्डांत मी एकटी कशी पुरणार? माझ्या दोन सुना हायत रिकाम्या. गरीब हायत, आजवर एका बटनाला हात लावल्याल्या न्हाईत." त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे शिकवायला बी काही न्हाई लागणार."